आरतीला सुटते, तिकिटाला अडते

“आरतीला बरा खणखणीत म्हणतोस, मग चार माणसांत बोलताना होतं काय तुला?”

गणपतीच्या दिवसांत रत्नागिरीच्या आसपास कुठल्याही वाडीत हा प्रश्न कानावर पडू शकतो. विचारणारा काका मुंबईहून आलेला चाकरमानी असतो आणि ज्याला विचारतो तो आठवी-नववीतला पुतण्या. घरोघर फिरून तास-दीड तास आरत्या झालेल्या असतात. झांजा आणि ढोलकीच्या नादात पोराच्या तोंडून एक अक्षरही अडलेलं नसतं. मग प्रसाद वाटला जातो, काका विचारतो, “कितवीत रे तू?” आणि ‘नववीत’मधला ‘न’ काही केल्या सुटत नाही. मान वाकडी होते, डोळे मिटतात. काकाचं निदान तयार असतं: मनात आणलं तर नीट बोलतो, म्हणजे एरवी तो मनात आणत नाही.

काकाने जे पाहिलं ते खरं आहे. त्यावरून त्याने जे ठरवलं ते मात्र साफ चूक आहे. तोतरेपणा जागेप्रमाणे, समोरच्या माणसाप्रमाणे आणि कामाप्रमाणे कमी-जास्त होतो, कधी पूर्ण नाहीसाही होतो. ही ढोंगाची किंवा कच्च्या मनाची खूण नव्हे. हा त्या विकाराचाच स्वभाव आहे, आणि गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत त्यावर इतकं काम झालं आहे की याबद्दल आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो असं का होतं यावर. म्हणून ‘हा किती तोतरा आहे?’ हा प्रश्न अपुरा आहे. कुठे, कुणापुढे आणि काय बोलताना, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. घरची माणसं, शिक्षक, मुलाखत घेणारे आणि बऱ्याचदा डॉक्टरसुद्धा पहिल्या प्रश्नावरच थांबतात. या लेखाची तक्रार एवढीच आहे.

आधी आकडे. जगभरच्या पाहण्या सांगतात की शंभरातली पाच-सहा मुलं लहानपणी कधी ना कधी तोतरी बोलतात. सुरुवात बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान होते. त्यातली तीन-चतुर्थांशांच्या आसपास पुढे आपोआप मोकळी होतात. मुली जास्त प्रमाणात सुटतात, त्यामुळे लहानपणी मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या दुपटीच्या आसपास असतं ते मोठेपणी चौपटीवर जातं. एकूण लोकसंख्येत कायम राहणारा तोतरेपणा साधारण एक टक्का धरला जातो. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार होती. हाच ठोकताळा लावला तर जिल्ह्यात सोळा हजारांच्या घरात माणसं निघतात. (हिशेब माझा आहे, कुणी दारोदार जाऊन मोजलेलं नाही.) मग एवढी माणसं आपल्याला भेटत का नाहीत? भेटतात, पण कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं हे त्यांनी लहानपणीच ठरवून टाकलेलं असतं. ज्या ठिकाणी जीभ अडते तिथे ती जात नाहीत, जावंच लागलं तर बोलत नाहीत.

जीभ कुठे सुटते ते आधी पाहू, कारण कोकणात या गोष्टीचा साठा भरपूर आहे. ऑलिव्हर ब्लडस्टाइन या अमेरिकी अभ्यासकाने १९४९-५०च्या सुमारास तोतरेपणा कमी होतो किंवा थांबतो अशा परिस्थिती गोळा केल्या, त्या शंभराहून जास्त भरल्या. त्यातल्या ठळक अशा: दुसऱ्यांबरोबर एकसुरात म्हणणं, गाणं, तालावर बोलणं, कुजबुजणं, मोठ्या आवाजाच्या गोंगाटात बोलणं, दुसऱ्याच कुणाच्या तरी सोंगात बोलणं, तान्ह्या मुलाशी किंवा जनावराशी बोलणं, आणि एकट्याने बोलणं. एकसुरात म्हणण्याचा परिणाम सगळ्यांत जबर. वर्षानुवर्षं तोतरं बोलणारी माणसंही शेजारच्याबरोबर एकच मजकूर वाचू लागली की अडखळणं जवळजवळ शून्यावर येतं, तेही पहिल्याच ओळीपासून आणि सरावाशिवाय. शेजारचा थांबला की ते परत येतं.

आपल्याकडे हे एकसुरात म्हणणं पावलोपावली आहे. आरत्या, अथर्वशीर्षाची आवर्तनं, संध्याकाळी परवचा, शाळेतली प्रार्थना आणि प्रतिज्ञा, वर्गाने मिळून म्हटलेले पाढे. रामरक्षा एका दमात म्हणणारं पोर दुकानदाराकडे अर्धा किलो साखर मागू शकत नाही, ही गोष्ट घरच्यांना खटकते. अभ्यासकाला ती मुळीच खटकणार नाही. रामरक्षेत त्याला एकही शब्द नव्याने जुळवायचा नसतो. लय ठरलेली आहे, पुढचं अक्षर पाठ आहे आणि कुणी उत्तराची वाट बघत नाही. साखर मागताना नेमक्या याच तीन गोष्टी उलट होतात.

गाण्याबद्दल लोकांना निदान ऐकून माहीत असतं. विशाल भारद्वाजच्या २००९च्या ‘कमीने’ चित्रपटात शाहीद कपूरचा गुड्डू बोलताना अडतो तेव्हा गाऊन सांगतो. प्रेक्षक हसतात, पण हा प्रकार लेखकाने हवेतून काढलेला नाही. ‘द किंग्ज स्पीच’ (२०१०) मध्ये सहावा जॉर्ज कानात मोठं संगीत चालू असताना वाचतो आणि त्याला नंतर कळतं की तो अडखळला नाही. स्वतःचा आवाज कानावर न पडल्याने होणारा हा परिणाम प्रयोगशाळेत तपासलेला आहे आणि त्यावर यंत्रंही निघाली. मिरकरवाड्याच्या बंदरात बोटीच्या इंजिनाशेजारी ओरडून बोलणाऱ्या एखाद्या खलाशाला हे फुकटात मिळतं, फक्त बोट बंद करून तो जेटीवर आला की संपतं.

सोंगाचं प्रकरण त्याहून मजेदार. ब्रिटिश नट रोवन अ‍ॅटकिन्सन तोतरेपणाबद्दल उघडपणे बोलले आहेत आणि भूमिकेत शिरलं की तो जातो असं त्यांनी सांगितलं आहे. भारदस्त आवाजासाठी जगभर ओळखला गेलेला जेम्स अर्ल जोन्स लहानपणी काही वर्षं जवळजवळ बोललाच नव्हता, कवितावाचनाने तो बोलता झाला. आपल्याकडे हृतिक रोशन याने आपल्या बोलण्यातल्या अडचणीबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे. रत्नागिरी हा नाटकवेडा जिल्हा आहे. ‘खल्वायन’सारखी संस्था संगीत नाटकं करते, गावोगाव नमन-खेळे होतात, जाखडीच्या शक्ती-तुऱ्यात सवाल-जवाब रंगतात. नमनाच्या वगात राजाचं काम गर्जना करत करणारा माणूस सकाळी तलाठ्यासमोर आपलं आडनाव सांगताना अडतो, हे पाहून ‘रात्री कसा बोलत होतास रे?’ म्हणणारे गावात असतातच. राजाचे शब्द पाठ असतात, लकब उसनी असते, आणि त्या वेळी परीक्षा राजाची चाललेली असते. तलाठ्यासमोर मात्र तो स्वतः उभा असतो.

पाठांतराचाही एक जुना प्रयोग आहे. १९३७ मध्ये वेंडेल जॉन्सन आणि जॉन नॉट यांनी आयोवा विद्यापीठात तोतऱ्या माणसांना एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचायला लावला. पाचव्या वाचनापर्यंत अडखळणं सुमारे निम्म्यावर येतं, असं या धर्तीच्या प्रयोगांत दिसत आलं आहे. थोड्या वेळाने तोच उतारा पुन्हा दिला की ते बरंचसं परत येतं. आणखी एक गोष्ट दिसली: माणूस जिथे अडतो ते शब्द बरेचसे तेच असतात. वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण घोकून घेणारे शिक्षक याच्या पहिल्या भागावर विसंबतात आणि दुसरा विसरतात. घरी दहाव्यांदा म्हणताना सुरळीत झालेलं भाषण स्पर्धेच्या व्यासपीठावर पुन्हा पहिल्या दिवसावर येऊ शकतं, कारण समोर दोनशे माणसं आलेली असतात. श्रोते वाढले की अडखळणं वाढतं हे १९३९ मध्येच प्रयोगात दाखवलं गेलं आहे. टिळकांच्या जन्मगावी वक्तृत्वाचं महत्त्व मोठं असणारच. पण मुलाला ‘धीट’ करण्यासाठी एकदम व्यासपीठावर ढकलणारा उपाय मला तरी उपाय वाटत नाही.

आता एकट्याने बोलण्याविषयी. केरळचे माजी मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबूद्रिपाद तोतरं बोलायचे. “तुम्ही नेहमीच अडखळता का?” असं कुणी विचारलं तेव्हा “नाही, फक्त बोलताना,” असं ते म्हणाले, ही गोष्ट अजून सांगितली जाते. विनोद उत्तम आहे, पण संशोधन त्याच्याही पुढे गेलं. २०२१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एरिक जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २४ प्रौढांना एक अवघड संगणकी काम दिलं आणि स्वतःशी मोठ्याने बोलत केलं तर ते चांगलं होतं असं सांगितलं. कुणी ऐकत नाही, असं त्यांना वाटत होतं. रेकॉर्डिंग तपासलं तेव्हा अडखळणं जवळपास शून्य निघालं. हीच माणसं संशोधकाशी गप्पा मारताना आणि मोठ्याने वाचताना अडखळत होती. एकट्याने आरशासमोर नीट बोलता येतं, असं तोतरी माणसं कित्येक वर्षं सांगत आली होती. ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती समजूत वाटायची, तिला आता पुरावा आहे. आणि त्यातून एक मोठी गोष्ट निघते: जीभ, ओठ, घसा, श्वास यांत बिघाड नाही. ऐकणारा समोर आला की काहीतरी बदलतं.

जीभ अडते ती कुठे, याची यादीही जगभर जवळपास सारखीच आहे. पहिला नंबर स्वतःच्या नावाचा. बाकी कुठल्याही शब्दाला पर्याय सापडतो, नावाला नाही. शिवाय नाव विसरणं कुणाला शक्य वाटत नाही, म्हणून समोरचा हसतो. दुसरा फोन, तिसरी रांग, मग मुलाखत, साहेब, शिक्षक, पोलीस. अधिकाराच्या माणसासमोर अडखळणं वाढतं, हा जोसेफ शीहान यांच्या १९६०च्या दशकातल्या कामाचा विषय होता. शब्दांच्या पातळीवर स्पेन्सर ब्राउन यांनी १९४० च्या दशकात इंग्रजीत दाखवलं की अडखळणं शब्दाच्या सुरुवातीला, लांब शब्दांवर आणि वाक्याच्या आरंभी जास्त येतं. मराठीत बोलणारी तोतरी माणसं म्हणूनच ‘काय आहे ना’, ‘म्हणजे आपलं’, ‘अहो, ते’ अशी सुरुवात करून मग अवघड शब्दावर उडी घेतात. ऐकणाऱ्याला ती बोलण्याची सवय वाटते.

एस.टी.चं तिकीट जरा जवळून बघण्यासारखं आहे. रत्नागिरी स्टँडवरून पावसकडे जाणारी गाडी. कंडक्टर मशीन हातात घेऊन येतो, मागे पंचवीस माणसांची तिकिटं राहिलेली. “बोला, कुठं?” एकच शब्द सांगायचा आहे, तो बदलता येत नाही, तो ‘प’ने सुरू होतो, आणि वेळ दोन सेकंद. एखाद्याला नेमका ‘प’ नडत असेल तर तो काय करतो? पावसला उतरायचं असताना गावखडी सांगतो. पैसे जास्त गेले तरी चालतात. नाहीतर आधीच सुटे पैसे मोजून हातात धरतो आणि बोट दाखवतो, किंवा पुढच्याने पावस म्हटलं की “एक तेच” म्हणून सुटतो. या सगळ्यात तो एकदाही अडखळलेला नसतो. कंडक्टरच्या लेखी तो तोतरा नाहीच. शीहान यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली ती याचसाठी: बाहेर ऐकू येतं त्याहून पाण्याखाली लपवलेलं मोठं असतं. हॉटेलात भूक मिसळीची असताना वडा मागणारी माणसं आहेत. मुलाचं नाव ठेवताना आपल्याला उच्चारता येईल असं अक्षर शोधणारे बापही आहेत.

फोनचं दुखणं हंगामात वाढतं. हापूसचा बागायतदार वाशीच्या बाजारातल्या दलालाशी बोलतो तेव्हा समोर चेहरा नसतो, पलीकडे गडबड असते आणि अडलेल्या अक्षराची शांतता त्याला लाईन गेल्यासारखी वाटते. “हॅलो… हॅलो?” आणि फोन कट. मग फोन बायको करते, किंवा मुलगा. आता व्हॉट्सअॅपवर लिहिता येतं, आवाजाचा निरोप चारदा पुसून पाचव्यांदा पाठवता येतो, क्यूआर कोडने पैसे देताना तोंड उघडावं लागत नाही. ही सोय नक्कीच आहे. पण टाळण्याची वाट जितकी रुळते तितकी न टाळता येणारी जागा आणखी अवघड होते, असं उपचार करणारे सांगतात आणि मला ते पटतं.

शाळेतली हजेरी हे या यादीतलं सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होण्यासारखं प्रकरण. हजेरी क्रमाने येते. सतरा नंबरच्या मुलाला एक नंबरपासून आपली पाळी जवळ येताना दिसते. सोळा नावं होईपर्यंत तो ‘हजर’ या एका शब्दावर अडकून बसलेला असतो. त्या दीड मिनिटात शिक्षक काय शिकवणार आहेत याचं त्याला काही पडलेलं नसतं. हात वर करायला सांगितला तर काही बिघडत नाही.

मग हे सगळं होतं कशामुळे? इथे अभ्यासकांत सरळ दोन तट होते. जुना तट म्हणायचा की भीती आणि संकोच हेच मूळ. जॉन्सन, जो स्वतः तोतरा होता, त्याही पुढे गेला. त्याच्या मते मुलाच्या साध्या अडखळण्याला आईबापांनी ‘तोतरेपणा’ म्हटलं की खरा तोतरेपणा सुरू होतो. त्याच्या देखरेखीखाली १९३९ मध्ये मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने आयोवातल्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला, त्यातल्या काही चांगलं बोलणाऱ्या मुलांनाही मुद्दाम ‘तुम्ही तोतरे आहात’ असं सांगितलं. २००१ मध्ये वृत्तपत्राने तो उघडकीला आणला, आणि पुढे आयोवा राज्याला वाचलेल्यांना भरपाई द्यावी लागली. प्रयोग क्रूर होता. त्याने सिद्धान्तही सिद्ध झाला नाही. पण ‘आईनेच धाक दाखवला म्हणून’ हा आरोप आपल्याकडच्या घराघरांत आजही ऐकू येतो, आयोवाचं नाव न ऐकलेल्या माणसांच्या तोंडून.

नंतरच्या तटाने मेंदूकडे आणि जनुकांकडे बोट दाखवलं. तोतरेपणा घराण्यात चालतो हे पूर्वीपासून माहीत होतं. २०१० मध्ये पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबापासून सुरू झालेल्या अभ्यासातून त्याच्याशी जोडलेले जनुकीय बदल सापडले. मेंदूच्या चित्रणांत बोलण्याच्या हालचालींची वेळ साधणाऱ्या जोडण्यांमध्ये फरक दिसले, लहान मुलांतही. म्हणजे भीती हे मूळ नव्हे. चार वर्षांच्या पोराला मुलाखतीची भीती नसते, तरी ते तोतरं बोलतं.

पण मग एकट्याने बोलताना मेंदू बदलतो की काय? नाही. स्वीडनचे पेर आल्म आणि इतरांनी मांडलेलं एक उत्तर असं: पुढचं अक्षर कधी सोडायचं याचा इशारा मेंदू दोन वाटांनी मिळवू शकतो. एक आतली वाट, उत्स्फूर्त बोलण्याची. दुसरी बाहेरून मिळालेल्या तालाची. तोतऱ्या माणसात आतली वाट नाजूक असते. आरतीत, गाण्यात, तालावर बोलण्यात इशारा बाहेरून येतो, जसं नाखव्याच्या हाळीवर वल्ही एकदम पडतात, आणि नाजूक वाटेवर भारच पडत नाही. समोर माणूस आला, तो वाट बघतोय, काय म्हणेल याचा अंदाज घ्यायचा आहे, शब्दही जुळवायचा आहे, की त्याच वाटेवर सगळा भार एकदम येतो. या मांडणीने सगळं उलगडत नाही. फोनपेक्षा समोरासमोर बोलणं काहींना जास्त का जड जातं, किंवा गोंगाटाचा उपयोग एकाला होतो आणि दुसऱ्याला का नाही, हे ती सांगत नाही. तरी ‘मनाचं दुखणं की मेंदूचं’ हे भांडण तिने बरंचसं निकालात काढलं आहे: पाया मेंदूत, चढउतार परिस्थितीत, आणि भीती ही वर्षानुवर्षांच्या अनुभवाने वर चढलेली.

अपवाद इतके आहेत की यादी पाठ करून कुणाचं निदान करू नये. काही जण सभेत झकास बोलतात आणि जेवणाच्या पानावर अडतात. काहींना परका माणूस सोपा, सासरे अवघड. घरच्या बोलीत मोकळं बोलणारं मूल शाळेतल्या प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत जास्त अडू शकतं. ज्या भाषेवर पकड कमी, तिच्यात अडखळणं जास्त, असं दोन भाषा बोलणाऱ्यांच्या अनेक अभ्यासांत दिसतं. संगमेश्वरी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला ‘शुद्ध बोल’ म्हणून दर वाक्याला टोकणारे शिक्षक या भारात स्वतःची भर घालत असतात.

शिवाय काहीही न बदलता दिवस बदलतो. तोच कंडक्टर, तेच गाव, काल सुटलं आणि आज अडलं. लहान मुलांत तर महिनाभर काहीच नसतं आणि मग एका सकाळी सगळं परत येतं. आपल्याकडच्या उपायांचा बाजार यावरच उभा आहे. वेखंड उगाळून चाटवलं आणि त्या आठवड्यात मूल नीट बोललं, की वेखंडाला मान. पोपटाचं उष्टं फळ, नवस, दृष्ट काढणं, सगळ्यांना कधी ना कधी यश येतंच, कारण मूल आपल्या चालीने वर-खाली होत असतं आणि बरीच मुलं आपोआप सुटणारच असतात. पोपटाच्या उष्ट्याने फारसं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते ‘तोतरेपणा आठ दिवसांत शंभर टक्के बरा’ म्हणणाऱ्या शिबिरांनी. तिथे माणूस नव्या ठिकाणी जातो, सगळे आपल्यासारखेच असतात, हळू आणि तालात बोलायला शिकवतात, एकसुरात वाचून घेतात. म्हणजे जीभ सोडणारी जवळजवळ प्रत्येक परिस्थिती एका खोलीत जमवतात. सातव्या दिवशी माणूस फडाफडा बोलतो, त्याचा व्हिडिओ निघतो, फी वसूल होते. मग तो घरी येतो, स्टँडवर उभा राहतो, आणि दोष त्याच्याच सरावाला लागतो. हे शास्त्र माहीत असूनही असा धंदा कुणी करत असेल तर ती सरळ फसवणूक आहे.

प्रामाणिक उपचारालाही हीच अडचण आहे, फक्त तो ती कबूल करतो. वाचा-उपचारतज्ज्ञाची शांत खोली ही बोलायला बहुधा सगळ्यात सोपी जागा. तिथे मिळवलेलं बाहेर नेणं हेच खरं काम. म्हणून चांगले तज्ज्ञ सोप्या परिस्थितीपासून अवघडापर्यंत पायऱ्या लावतात, फोन करायला लावतात, दुकानात पाठवतात. चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या परंपरेतले तर अडखळणं लपवू नका, सोपं करून अडखळा, असं सांगतात. लहान मुलांसाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या लिडकोम्ब पद्धतीत उपचार आईबापांच्या हातून घरातच होतो, तो याच कारणाने. मोजमापही बदललं. पूर्वी शंभर अक्षरांत किती अडली एवढंच मोजत. आता त्याबरोबर माणूस काय टाळतो आणि तोतरेपणाने त्याचं आयुष्य किती अडतं हेही विचारणाऱ्या प्रश्नावल्या वापरतात. २००८च्या सुमारास सुरू झालेली ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ ही स्वमदत संघटना बरं होण्यापेक्षा मोकळेपणाने बोलण्यावर भर देते. तिचे गट मुंबई-पुण्यात भेटत आले आहेत.

रत्नागिरीसाठी मुंबई-पुणं म्हणजे दिवसाचा प्रवास. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाचा-श्रवण संस्था आहे, पण मालगुंडच्या आईने दर आठवड्याला वांद्रे गाठावं हे होणारं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्यात अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची तपासणी होते, आणि जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या आराखड्यात वाचा-उपचारतज्ज्ञाची जागा धरलेली आहे. पण शाळेत आलेलं पथक एका मुलाला काही मिनिटं देतं. त्या मिनिटांत गप्प राहिलेलं किंवा नेमकं नीट बोललेलं मूल कागदावर निरोगी ठरतं. कायद्याचीही तीच गत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या स्वरयंत्र काढणं किंवा वाचाघात अशा कारणांनी आलेल्या कायमच्या अवस्थेभोवती बांधलेली आहे. सकाळी असणारा आणि दुपारी नसणारा तोतरेपणा त्या चौकटीत बसवणं अवघड. दहावीला भाषा विषयांत ८० गुण लेखी आणि २० तोंडी-अंतर्गत. तोंडी परीक्षेत थोडा जास्त वेळ, किंवा एकट्याने शिक्षकासमोर बोलण्याची मुभा, ही सवलतीची मागणी नव्हे, मूल्यमापन बरोबर व्हावं एवढीच आहे.

आईबापांना सांगायचं ते थोडं आणि कामाचं. मूल तीन-चार वर्षांचं असेल आणि सहा महिन्यांहून जास्त काळ अडखळत असेल, किंवा घरात आणखी कुणी तोतरं बोलत असेल, तर ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून थांबू नका. तज्ज्ञाकडे जाण्याआधी आठवडाभर मोबाईलवर छोटी रेकॉर्डिंग करा: खेळताना भावंडांशी, आजीशी फोनवर, दुकानात, पाहुण्यांसमोर, आणि झोपेला आल्यावर. कुठे अडलं तेवढंच नको, कुठे सुटलं तेही टिपा, आणि ते कुठला शब्द टाळतं हे कळत असेल तर तेही. मग जिल्हा रुग्णालयात किंवा जिथे तज्ज्ञ मिळेल तिथे हे सगळं घेऊन जा. आणि तपासणीच्या खोलीत मूल एकदाही अडखळलं नाही म्हणून कुणी ‘याला काही नाही’ म्हटलं, तर रेकॉर्डिंग पुढे ठेवा आणि ती ऐकून होईपर्यंत खुर्ची सोडू नका.